अंबाजोगाईत साप्ताहिक छापून घ्यायचं असेल तर

अकरा वर्षं झाली, चार पानांचं साप्ताहिक काढतो. संपादक मी, वार्ताहर मी, दिवाळी अंकाच्या जाहिरातीचे पैसे मागत फिरणाराही मीच. प्रेस मात्र तीन बदलले. आता दीड वर्षापासून मंडी बाजाराच्या मागच्या बोळातल्या ऑफसेटवर छापतो, त्याबद्दल लिहितोय.

पाटीवर जाऊ नका. तिच्यावर गणपती आहे आणि खाली 'लग्नपत्रिका, बिलबुके, हँडबिल'. हजार प्रतींचे कागदासकट ४२०० घेतात. काळी छपाई चांगली. जाहिरातीतला बारीक टाइपसुद्धा वाचता येतो. रंगीत पानाला मात्र रंगावर रंग नीट बसत नाही. एका उद्घाटनाच्या फोटोत झाडून सगळ्या पाहुण्यांना दुहेरी मिशा आल्या होत्या. लगीनसराईत तुमचा अंक पत्रिकांच्या मागं रांगेत जातो, आणि लाईट गेली की इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर चालतो, मशीन नाही. प्रूफ स्वतः बसून वाचा. तिथला पोरगा 'पाणीपुरवठा'चं 'पाणीपुरवाठा' हमखास करतो.

मग एवढं असून इथंच का? तर आधीच्या प्रेसमुळं. नाव घेत नाही. टँकरची बातमी होती: एका वस्तीवर रजिस्टरला दिवसाला चार खेपा, प्रत्यक्षात दोन. बायांनी कोळशानं भिंतीवर खेपांच्या रेघा मारून ठेवल्या होत्या, त्या भिंतीचा फोटो पहिल्या पानावर घेतला. पानं देऊन घरी आलो. रात्री साडेदहाला फोन, "सर, मशीन बिघडलंय." सकाळी गेलो तर त्याच मशीनवर बारशाच्या पत्रिका निघत होत्या, गुलाबी. त्याला कुणाचा फोन आला होता, ते पुढं चार दिवसांनी कळलं.

आमच्या भागात हे दुखणं जुनं आहे. निजामाच्या राज्यात विरोधात लिहिणारं वर्तमानपत्र सहजी काढू देत नव्हते, म्हणून आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३७-३८ च्या सुमारास 'मराठवाडा' पुण्यातून काढला. निजामानं बंदी घातली की तेच पत्र नाव बदलून परत यायचं. हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांविरुद्ध लिहीत राहिले, तर ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी जाताना त्यांना गाठून मारलं, हातही तोडला. महिन्याभरात पोलीस ॲक्शन झाली, भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या, ती बघायला ते नव्हते. त्यांच्यापुढं माझी काय कथा! मला नुसतं मशीन बिघडतं. पत्रकारावर हात टाकला तर महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे. मशीन बिघडलं तर कुठलं कलम लावायचं, वकील मित्रालाही सांगता आलं नाही.

तीच पानं घेऊन या बोळात आलो. प्रेसवाले काका सत्तरीचे, पूर्वी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, बोटांची टोकं अजून काळी. मी आधीच सांगून टाकलं की काका, बातमी जरा गरम आहे, शेवटच्या पानाच्या तळाला मुद्रक म्हणून तुमचं नाव जाणार. त्यांनी चष्मा लावला. पहिलं पान बघितलंच नाही, थेट शेवटचं उलटलं. 'प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही' या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "संपादक बी तुमीच, बातमी बी तुमीच लिवलेली. मग सहमत नसायला काय झालं?" ती ओळ काढली. मग बोट खाली सरकलं. "आन् हितं माज्या प्रेसच्या नावात वेलांटी चुकलीय. ती आधी नीट करा, मग प्लेट काढतो."

संध्याकाळी सहाला गठ्ठे बांधून तयार होते.

उधारी एका अंकाच्या वर ठेवत नाहीत. सोमवारी बंद.