सर्जरीच्या निवासी डॉक्टरांसाठी एन्डोस्कोपी: सलग महिना की आठवड्याचा एक दिवस?

एम.एस. जनरल सर्जरी करताना एन्डोस्कोपी (लवचिक दुर्बिणीने पचनमार्ग आतून तपासणे) शिकायची असेल, तर दोन वाटा दिसतात: महिना-दोन महिने पूर्णवेळ एन्डोस्कोपी कक्षात काढायचे, किंवा आपल्याच युनिटमध्ये तीन वर्षे आठवड्यातून एक दिवस दुर्बीण हाती घ्यायची. माझ्या मते याचे उत्तर गॅस्ट्रोस्कोपीसाठी (तोंडावाटे जठराची तपासणी) एक आणि कोलोनोस्कोपीसाठी (गुदद्वारातून मोठ्या आतड्याची तपासणी) दुसरे आहे.

अन्ननलिकेपासून ड्युओडेनमपर्यंतचा (लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंतचा) मार्ग आखूड आणि बराचसा स्थिर असल्याने गॅस्ट्रोस्कोपीवर हात लवकर बसतो. शिवाय रक्ताच्या उलट्यांचे रुग्ण वर्षभर, अनेकदा रात्री-अपरात्री येतात. एका महिन्यात ते पुरेसे भेटतीलच असे नाही. येथे आठवड्याचा एक दिवस आणि त्याला इमर्जन्सी ड्यूटीची जोड पुरते.

कोलोनोस्कोपीचे तसे नाही. सिग्मॉइड कोलन (मोठ्या आतड्याचा गुदाशयाआधीचा वळणदार भाग) मोकळ्या मेसेंटरीवर, म्हणजे आतड्याला धरणाऱ्या पडद्यावर, लोंबत असते, त्यामुळे दुर्बीण नुसती पुढे ढकलली की तिचा आतड्यात पडलेला लूप (वेटोळे) वाढतो, रुग्णाला कळ येते आणि टोक पुढे सरकत नाही. मागे ओढून, फिरवून लूप सोडवताना हाताला जे जाणवते, ते त्याच दिवशी पुढच्या रुग्णावर पुन्हा अनुभवता आले तरच टिकते, म्हणून येथे सलग महिनाच हवा. अमेरिकेत सर्जरीच्या निवासी डॉक्टरांसाठी किमान 50 कोलोनोस्कोपी आणि 35 अप्पर एन्डोस्कोपी (तोंडावाटे होणाऱ्या) ठरवल्या आहेत. मात्र तेथीलच एएसजीई ही एन्डोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांची संघटना किमान 275 कोलोनोस्कोपींनंतरच कौशल्य तपासावे असे सांगते. म्हणजे 50 ही केवळ सुरुवात आहे. लॉगबुकमध्ये नुसती संख्या न लिहिता सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) किती वेळा पोहोचलो, हेही नोंदवावे.

सिम्युलेटर या दोहोंआधी वापरावा. सेजेस या अमेरिकेतील सर्जनांच्या संघटनेने तयार केलेल्या एफईएस या एन्डोस्कोपीच्या मूलभूत कौशल्यांच्या परीक्षेत दिशा राखणे, लूप सोडवणे, रेट्रोफ्लेक्शन (टोक वळवून मागे पाहणे), म्यूकोसाची (आतल्या अस्तराची) पाहणी आणि नेमका वेध घेणे ही कौशल्ये सिम्युलेटरवरच तपासली जातात, आणि अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीने 2017-18 पासून निवासी प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांना तिची अट घातली. डाव्या अंगठ्याला दुर्बिणीचे टोक वळवणाऱ्या चाकांची सवय रुग्णावर लावण्यापेक्षा यंत्रावर लावलेली केव्हाही बरी.

सलग महिना निवडण्यापूर्वी मात्र एक गोष्ट स्पष्ट विचारावी: त्या कक्षात दुर्बीण कोणाच्या हाती असते? जेथे डी.एम.च्या (पचनसंस्थेच्या रोगांतील पुढील पदवीच्या) विद्यार्थ्यांचा क्रम आधी लागतो आणि सर्जरीच्या निवासी डॉक्टरांना पडद्याकडे पाहत उभे राहावे लागते, तेथे जाण्यापेक्षा आपल्या युनिटमधला एक दिवस, वेग कमी असला तरी, पत्करावा.