भाजल्यावर आधी काय: तेल की पाणी?

मागच्या वर्षी चुलत भावाच्या पोरीच्या मनगटावर वरणाचं आधण सांडलं. काकूनं धावत जवसाचं तेल आणलं, चोपडलं, वरून हळद भुरभुरली. "तेल लाव, आग थांबते," हे आमच्या वऱ्हाडात घरोघरी ऐकू येतं. दोन तासांनी दवाखान्यात सिस्टर ओल्या बोळ्यानं ते पिवळं लिंपण पुसत होती. बोळ्याबरोबर फोडाची सालही निघत होती आणि पोरगी जिवाच्या आकांतानं रडत होती.

काकूचं तेल वाईट नव्हतं, वेळ चुकली होती.

भाजल्याबरोबर तेल आणि पाणी यांत निवड करायची तर पाणीच घ्या. चटका बसल्यावरही कातडीच्या आत उष्णता राहते. वाहतं गार पाणी ती ओढून घेतं. तेल मात्र वरून झाकण घालतं. तेलानं बरं वाटतं ते जखमेला वारा लागणं थांबल्यामुळे. वीस मिनिटं पाणी सोडा. तीन तासांच्या आत कधीही केलं तरी उपयोग होतो. उन्हाळ्यात नळ आटला असेल तर घमेल्यात हात धरून तांब्यानं तेच स्वच्छ पाणी पुन्हा पुन्हा ओता. बर्फ नको. बांगड्या, अंगठी सूज यायच्या आत काढा.

मग भाजणं किती खोल आहे ते बघा. नुसती लाली आणि चुरचुर असेल, फोड नसेल, तर आठवडाभरात बरं होतं. तेलाची जागा इथेच, तीही कातडी पूर्ण निवल्यावर. पाण्यानं भरलेला फोड आला तर तो फोडू नका, तेलही नको. स्वच्छ, न चिकटणारं कापड सैल बांधा. फोड भाजलेल्या माणसाच्या तळहाताहून मोठा असला किंवा चेहरा, हात, पाय, सांधा, गुप्तांग भाजलं असलं, तर दवाखाना गाठा. लेकरू असेल तर जखम लहान दिसली तरी दाखवाच. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही सांगा.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. कातडी पांढरी, करडी किंवा चामड्यासारखी होते आणि तिथे फारसं दुखत नाही, कारण तिथल्या नसाच जळालेल्या असतात. "दुखत नाही, म्हणजे काही नाही," असं म्हणून लोक घरीच बसतात. अशा वेळी थेट १०८ ला फोन करा. शेतातल्या मोटारीचा शॉक लागला असेल तरीही हेच. बाहेर ठिपक्याएवढी जखम दिसते आणि आत मोठी इजा झालेली असते. आधी वीज बंद करा, मगच माणसाला हात लावा.

आता तेलातेलांत. जवस आपल्या विदर्भाचं पीक, म्हणून घरात त्याचंच तेल. पण ते हवेत सुकून चिकट थर धरतं. रंगात ते वापरतात ते याच गुणामुळे. कातडीवर तो थर मला नको वाटतो. चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल घोटून लावण्याची रीत विलायतेतही होती. स्कॉटलंडच्या कॅरन इथल्या लोखंडाच्या कारखान्यावरून त्याला 'कॅरन ऑइल' म्हणत. डॉक्टरांनी ते केव्हाच सोडून दिलं. करंजाचं तेल दिव्याला ठेवा. तिळाचं चालतं, पण मी खोबरेलच घेईन: ते लवकर खवट होत नाही आणि कोरड्या कातडीला मऊ ठेवतं.

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा मान आणि दंड होरपळतात. त्यावर पहिल्या दिवशी ओला पंचा आणि कोरफडीचा गर. तेल दोन-तीन दिवसांनी, साल निघू लागली की. तेल लावून उन्हात गेल्यानं ऊन अडत नाही. त्याला दुपट्टाच हवा.

बिब्ब्याचं निराळंच. त्याच्यातल्या तेलानंच कातडी भाजते. तिथे आधी साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा.

पोरीचं मनगट आता भरलंय. जखम पुरती मिटल्यावर डॉक्टरांना विचारून काकूनं खोबरेल सुरू केलं. रात्री चार थेंब, हलक्या बोटानं, रोज. डाग अजून फिकट गुलाबी आहे, म्हणून शाळेत जाताना पूर्ण बाहीचा सदरा.