अग्निजन्य खडकांचा 8 नमुन्यांचा डबा : 5 पैकी 4 स्टार, एक स्टार कार्डामुळे कापलाय

पुतणी नववीत आहे, खडकांची नावं नुसती घोकत बसायची म्हणून हा डबा ऑनलाइन मागवला. 850 ला पडला, सोबत 10 पट मोठं दाखवणारं छोटं भिंग.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे दगड जोडीने लावलेत, ग्रॅनाइटशेजारी रायोलाइट, गॅब्रोशेजारी बेसाल्ट. जोडीतल्या दोघांचा मालमसाला जवळपास एकच, फरक एवढाच की एक (ग्रॅनाइट, गॅब्रो) जमिनीखाली खोल सावकाश निवला आणि दुसरा (रायोलाइट, बेसाल्ट) वर येऊन पटकन थिजला. गॅब्रोचा तुकडा खिडकीत उन्हाला धरून भिंगातून बघा, प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या करड्या-पांढऱ्या पट्ट्या आणि मधेमधे काळपट पायरॉक्सिन हे दुसरं खनिज, दाणे म्हणजे स्फटिक सहज 3-4 मिलिमीटरचे. मग बेसाल्ट घ्या, काळाठिक्कर, हलवला की कुठेतरी बारीकशी चमक दिसते तेवढंच. पुतणी म्हणाली, अगं काकू हा तर आपला पाटा! आणि खरंच पाटा आणून शेजारी ठेवला तर तोच दगड, आपल्या सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा.

सावकाश निवताना दाणे थोड्याच ठिकाणी धरतात आणि अणूंना सरकत सरकत तिथे जाऊन बसायला वेळ मिळतो, म्हणून तेच दाणे वाढत राहतात. पटकन निवलं की एकदम असंख्य ठिकाणी दाणे धरतात आणि कुणालाच वाढायला सवड मिळत नाही. सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) जास्त असलेला घट्ट लाव्हा फारच झटकन थिजला तर दाणा धरतच नाही, सरळ काच होते, तो डब्यातला ऑब्सिडियन. कशावरून, असं पुतणीने विचारलंच, तर एडिनबराच्या जेम्स हॉलने 1798 साली हे भट्टीत करून बघितलं होतं, वितळवलेला बेसाल्टसारखा दगड झटकन थंड केला तर काच, हळूहळू केला तर परत दाणेदार दगड.

आता तक्रार. कार्डावर छापलंय "दाणा जितका मोठा तितका दगड हळू थंड झाला" आणि पुरावा म्हणून पेग्माटाइट दिलाय, बोटाच्या पेराएवढे दाणे असलेला. हे चूक आहे. पेग्माटाइटमधे दाणे मोठे होतात ते मुख्यतः वितळलेल्या दगडाच्या रसात, म्हणजे मॅग्मात, विरघळलेल्या पाण्यामुळे, अणू सहज फिरतात आणि नवे दाणे कमी धरतात, पातळ शिरा तर बऱ्यापैकी लवकर निवलेल्या असतात. मुलं परीक्षेत तेच वाक्य लिहिणार ना! शिवाय दोन टप्प्यांत निवलेला एकही दगड डब्यात नाही. आपल्याकडे मंचरच्या नावाने ओळखला जाणारा बेसाल्ट आहे, त्यात काही सेंटीमीटर लांबीचे प्लॅजिओक्लेज बारीक काळ्या दगडात रुतलेले असतात, म्हणजे मोठे दाणे आधीच खाली मॅग्मात वाढले आणि बाकीचा रस वर आल्यावर थिजला. असा एक तुकडा हवाच होता.

आणि ऑब्सिडियन नुसताच टाकलाय, कागदात गुंडाळायला हवा होता, कड ब्लेडसारखी आहे, पुतणीचं बोट कापलं. लहान मुलं असतील तर डबा आधी तुम्ही उघडा.

तरी घ्याच, जोड्या आणि भिंग यांचेच पैसे वसूल होतात. विक्रेत्याला कार्डाबद्दल मेसेज केलाय, तोवर आमच्या कार्डावर ते वाक्य खोडून पेग्माटाइटपुढे "पाणी" असं पुतणीने लाल पेनाने लिहून ठेवलंय.