बेस टेप उचलून पाहिल्याशिवाय ट्युब्युलर चिकटवू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर ट्युब्युलरचे, म्हणजे रिमवर गोंदाने चिकटवायच्या रेसिंग सायकलच्या टायरचे, चार फोटो आले. खाली मजकूर होता : "बॉक्स पीस, कॉटन केसिंग, 320 टीपीआय, आत लेटेक्स ट्यूब." म्हणजे न वापरलेला टायर, सुती कापडी अंग (केसिंग) आणि त्यात इंचाला 320 धागे. पैसे आधी गेले, जोडीचे सात हजार, आणि पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीने छत्रपती संभाजीनगरला उतरलं. मराठवाड्यात ट्युब्युलर दुकानात हाताळून घ्यायची सोय सहसा नसते. विकणारा हे ओळखून असतो.

खोका उघडला तेव्हा दोन्ही टायर काळे कुळकुळीत होते, लेबलं जागच्या जागी होती. ओलं फडकं फिरवल्यावर ते काळं झालं, कारण वर टायर पॉलिश मारलेलं होतं. पॉलिश निघाल्यावर पहिल्या टायरची बाजू चिमटीत दुमडली, तर बारीक आडव्या भेगा उघड्या पडल्या आणि आतला सुती धागा दिसू लागला. माल वापरलेला नव्हता, पण कैक वर्षं पडून होता.

दुसऱ्या टायरची लबाडी याहून खोल होती. ट्युब्युलरमध्ये ट्यूब आत ठेवून केसिंग शिवून बंद करतात आणि त्या शिवणीवर बेस टेप, म्हणजे रिमला चिकटणारी कापडी पट्टी, चिकटवतात. या टायरची टेप वाल्व्हजवळ वीतभर चकाकत होती, थोडी सुरकुतलीही होती. नखाने कड उचलली. खाली मशीनची एकसारखी शिवण होती, मग मधेच जाड दोऱ्याचे हाताने घातलेले वाकडेतिकडे टाके, आणि पुढे परत मशीनची शिवण. म्हणजे टायर पंक्चर झाला होता, उसवून ट्यूब बदलली होती आणि पुन्हा शिवला होता. अशी दुरुस्ती नीट केली तर चालते, आमचा तिला विरोध नाही. पण दुरुस्त केलेला टायर नवा म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

बदललेली ट्यूब लेटेक्सची नव्हती, ब्यूटाइल या कृत्रिम रबराची होती. हे ओळखायला टायर फाडावा लागत नाही. लेटेक्समधून हवा झिरपत राहते, रात्रीतून दाब चांगलाच उतरतो, म्हणून दर राइडआधी पंप मारावा लागतो. ब्यूटाइल दिवसेंदिवस तग धरते. हा टायर कोऱ्या रिमवर गोंदाशिवाय चढवून 100 पीएसआय भरला, तर तीन दिवसांनीही जवळपास तेवढाच दाब होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो जोडीदारापेक्षा 40 ग्रॅम जड भरला. एकाच मॉडेलच्या दोन टायरमध्ये इतका फरक पडला की शंका घ्यावी.

विक्रेत्याला विचारल्यावर उत्तर आलं, "ट्युब्युलर जुना झाला की मुरतो, जुने रेसर मुद्दाम ठेवून वापरायचे." अशी समजूत खरोखर होती, तळघरात टायर वर्षभर टांगून ठेवणारे लोक होते. पण रबर लोणचं नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करतात, कॉटनवरचा लेटेक्सचा लेप तडकतो, तिथून ओल शिरते आणि धागा कुजतो. पत्र्याच्या गोदामात मराठवाड्याचे दोन-तीन उन्हाळे काढलेल्या टायरचं काय होत असेल, वेगळं सांगायला नको. आणि ज्या मऊपणासाठी आपण कॉटनचे पैसे मोजतो, तो कडक केसिंगमध्ये उरतच नाही.

जिवाला धोका मात्र टेपपासून आहे. जुन्या टायरमध्ये टेप आणि केसिंग यांना जोडणारा चिकटपणा मरतो. तुम्ही रिमवर गोंद कितीही पक्का लावा, टेप रिमला धरून राहते आणि टायर टेपवरून सुटतो. 14 जुलै 2003 रोजी टूर द फ्रान्स शर्यतीत गाप गावाकडे उतरताना उन्हाने डांबर पाघळलं होतं. स्पॅनिश रेसर जोसेबा बेलोकीचं मागचं चाक ब्रेकखाली अडकलं, टायर रिमवरून निघाला आणि त्याची मांडी, कोपर, मनगट मोडलं. तिथे व्यावसायिक संघाचे मेकॅनिक होते. दौलताबादचा घाट मे महिन्यात उतरताना आपल्यामागे कोणी नसतं.

म्हणून टायर आल्यावर गोंदाची ट्यूब उघडायची घाई करू नका. आधी टेप पूर्ण गोल फिरून बोटाने चाचपा. सुटलेली, चकाकणारी किंवा जुन्या गोंदाचे डाग असलेली टेप नको. वाल्व्ह कोअर (वाल्व्हमधला सुटा होणारा भाग) काढून आत बघा, वाळलेलं सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) दिसलं तर टायर वापरलेला आहे. सुट्या टायरमध्ये हवा अगदी थोडी भरा. तो पिळला, टेप बाहेरच्या बाजूला आली तर घाबरू नका, ते नैसर्गिक आहे. मग कोऱ्या रिमवर दाब भरून निदान 24 तास ताणू द्या आणि चाक फिरवा. एकाच जागी फुगवटा आला तर तिथले केसिंगचे धागे तुटलेत. (टूफो कंपनीच्या काही टायरना शिवण नसतेच, तो दोष समजू नका.)

"चिकटवूनच देतो" म्हणणाऱ्याकडून तयार चाक घेतलंत तर हवा पूर्ण सोडा आणि दोन्ही अंगठ्यांनी टायर कडेला जोरात ढकला. कड उचलली जाऊन रिम दिसली तर त्या चाकावर बसू नका. चपलांचं सोल्यूशन लावलेली चाकंही विकली जातात. रिम सिमेंटचे, म्हणजे ट्युब्युलरच्या खास गोंदाचे, रिमवर पातळ दोन थर आणि टेपवर एक, प्रत्येक थर वाळू देऊन, मग शेवटचा थर ओलसर असतानाच टायर चढवायचा, आणि दाब भरून दिवसभर चाकाला हात लावायचा नाही. हे एका तासात होणारं काम नाही, त्यामुळे तासाभरात चाक तयार करून देणाऱ्याला दुरूनच नमस्कार.

पार्सल उघडताना खोक्यावरच्या चिठ्ठीपासून सलग व्हिडिओ काढा. पैसे पाठवल्यावर विक्रेता गायबच झाला तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 वर फोन करा, माल वेगळा किंवा खराब निघाला तर ग्राहक हेल्पलाइन 1915. पण टायरला गोंदाचं बोटही लागलेलं नसेल तेव्हाच मालाची तक्रार टिकते. गोंद लागला की विक्रेता म्हणतो, तुम्हीच खराब केलात, आणि तुमच्या हातात पुरावा राहत नाही.