‘डिमॅन्युफॅक्चर’ की ‘ऑब्सोलीट’? फिअर फॅक्टरीचा कुठला अल्बम आधी ऐकावा

इंडस्ट्रियल मेटल, म्हणजे यंत्रांसारख्या आवाजांचं जड रॉक संगीत ऐकून पाहायचंय, त्यात यंत्रं विरुद्ध माणूस असं कथानकही हवंय, असं कुणी म्हणालं की लॉस एंजेलिसच्या ‘फिअर फॅक्टरी’ या बँडचं नाव हमखास निघतं. आणि लगेच वाद सुरू होतो: १९९५ चा ‘डिमॅन्युफॅक्चर’ आधी ऐकायचा की १९९८ चा ‘ऑब्सोलीट’? दोन्ही रोडरनर रेकॉर्ड्सचे, दोन्हींत तेच चौघे: गायक बर्टन सी. बेल, गिटारवर डिनो कझारेस, ड्रम्सवर रेमंड हरेरा आणि बेसवर क्रिस्टियन ओल्ड वोल्बर्स. कीबोर्ड, सॅम्पल आणि एकंदर यांत्रिक वातावरण ही ‘फ्रंट लाइन असेंब्ली’ या इलेक्ट्रॉनिक बँडच्या ऱ्हिस फुल्बरची करामत, तीही दोन्हीकडे. तरीही हे दोन अल्बम आवडणाऱ्यांचे सरळ दोन तट आहेत.

‘डिमॅन्युफॅक्चर’ची खरी गोष्ट त्याच्या शब्दांत नाही, वाजवण्यात आहे. हरेराचे दोन्ही पाय किक ड्रमवर जो ठेका धरतात, तोच, ठोक्याला ठोका, कझारेसचा उजवा हात तारांवर मारतो. रिफमध्ये, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात, सूर जवळजवळ नसतोच, असतो तो फक्त ताल: तुटक, कोरडा, मध्येच श्वास रोखून थांबणारा. शीर्षकगीत सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात हे कळतं. छापखान्यात रोटरी मशीनशेजारी उभं राहिल्यावर छातीत जे धडधडतं, तसंच काहीसं. ड्रम्स मशीनचेच आहेत अशी शंका तेव्हा अनेकांनी घेतली होती. वाजवणारा माणूस होता, पण त्याचं माणूसपण कानाला जाणवू नये हाच तर बेत होता.

आणि या सगळ्यावर बेलचा आवाज. कडव्यात गुरगुराट, ध्रुवपदात मात्र लांब, स्वच्छ, काहीसा उदास सूर. आज एकाच गाण्यात ओरडणं आणि गाणं ही मेटलमधली इतकी रुळलेली रीत आहे की नव्या श्रोत्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. १९९५ मध्ये ती तशी नव्हती. ‘रेप्लिका’ ऐका: स्वतःच्या जन्माचीच शरम वाटणारा कुणीतरी बोलतो आहे. तो यंत्राची प्रतिकृती आहे की अत्याचारातून जन्मलेलं मूल, हे गाणं शेवटपर्यंत दोन्ही अर्थांनी चालतं. माझ्या मते अल्बमचं हेच सर्वोत्तम गाणं.

विज्ञानकथा इथे वातावरणापुरतीच आहे. ‘एच-के’ हे गाणं म्हणजे हंटर-किलर, हे नाव ‘टर्मिनेटर’मधल्या माणसं टिपणाऱ्या यंत्रांचं. मुखपृष्ठावर बरगड्या आणि बारकोड एकमेकांत मिसळलेले. पण पात्रं, घटना, पहिला अंक-दुसरा अंक असं काही शोधायला जाल तर हाती लागणार नाही.

ध्वनिमिश्रणाचा किस्सा इथेच सांगायला हवा, कारण अल्बमचं रूप त्यानेच ठरलं. निर्माता कॉलिन रिचर्डसन हा ब्रिटिश डेथ मेटलमधला जाणता माणूस. त्याचं मिश्रण बँडला पटलं नाही. गिटारच्या भिंतीआड कीबोर्ड हरवत होते. शेवटी ते काम ग्रेग रीली आणि फुल्बर यांच्याकडे गेलं. आज त्यातला जो थंड, स्टीलसारखा आवाज सगळे वाखाणतात तो या निर्णयातून आलेला आहे. पुढे ‘ऑब्सोलीट’च्या वेळी बँडने निर्मितीच या दोघांच्या साथीने केली.

‘ऑब्सोलीट’मध्ये मात्र गोष्ट खरोखर आहे. सीडीसोबतच्या पुस्तिकेत बेलने ती पटकथेसारखी लिहून काढली आहे आणि गाणी त्या प्रसंगांच्या मध्ये बसवली आहेत. माणसाने सोयीसाठी यंत्रं बनवली, आता यंत्रांना माणसाची गरज उरलेली नाही. एजक्रशर हा बंडखोर नायक, सिक्युरिट्रॉन हे पोलिसी पहाऱ्याचं यंत्र, स्मॅशर/डिव्होअरर हा संहारक. गाण्यांची नावंच पात्रांची आहेत, त्यामुळे पुस्तिका हातात नसली तरी धागा थोडाफार सापडतो. स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्याला अर्धाच ऐवज मिळतो, हे मात्र लक्षात असू द्या.

संगीतही बदललं. सात तारांची गिटार आली, सूर आणखी खाली उतरला, वेग कमी झाला. ‘डिमॅन्युफॅक्चर’ पळवतो, ‘ऑब्सोलीट’ डोलवतो. ‘एजक्रशर’मध्ये तर चक्क टर्नटेबलचं स्क्रॅचिंग आहे, आणि मेटलच्या जुन्या भक्तांना नेमकं तेच खुपलं. तो ‘न्यू मेटल’च्या, म्हणजे हिप-हॉप मिसळलेल्या मेटलच्या भरतीचा काळ होता. बँड वाऱ्याच्या दिशेने धावतोय अशी कुजबुज झाली. ‘शॉक’ ऐकल्यावर मला ती तक्रार अन्यायाची वाटते, ‘एजक्रशर’ ऐकल्यावर तितकी नाही.

पण ‘रिझरेक्शन’ हे गाणं या अल्बमला वर उचलतं. सहा मिनिटांहून लांब, हळूहळू चढत जाणारं, आणि बेलचा स्वच्छ आवाज इतका मोकळा आधी कधीच लागलेला नाही. त्यानंतरच्या ‘टाइमलेसनेस’मध्ये तंतुवाद्यांचे सूर आहेत, शेवट विजयाचा नाही. शीर्षकगीतात माणूस कालबाह्य झाल्याची घोषणा करणारा आवाज आहे गॅरी न्यूमनचा, त्याच ब्रिटिश गायकाचा, ज्याचं ‘कार्स’ १९७९ मध्ये गाजलं. सिंथेसायझरवर यंत्रयुगाचा एकटेपणा गाणारा माणूस वीस वर्षांनी मेटलवाल्यांच्या कथेत निवेदक म्हणून यावा, ही निवड फार हुशारीची होती.

त्यालाच घेऊन बँडने ‘कार्स’ नव्याने गायलं आणि रेडिओने ते उचलून धरलं. मूळ दहा गाण्यांच्या अल्बममध्ये ते नव्हतं. जादा गाण्यांच्या डिजिपॅक (पुठ्ठ्याच्या वेष्टनातल्या) आवृत्तीत आलं. ‘ऑब्सोलीट’ अमेरिकेतल्या अल्बमांच्या बिलबोर्ड २०० यादीत ७७ व्या क्रमांकापर्यंत चढला आणि तिथे त्याला गोल्ड, म्हणजे पाच लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. ‘डिमॅन्युफॅक्चर’च्या वाट्याला असली विक्री आली नाही. त्याला मिळाली ती समीक्षकांची वाहवा (‘केरँग!’ या ब्रिटिश रॉक मासिकाने पाचपैकी पाच दिले) आणि पुढच्या पिढीतल्या गिटारवाल्यांची निष्ठा. विक्री एकाची आणि मान दुसऱ्याचा, अशी वाटणी झाली. यात ‘ऑब्सोलीट’वर थोडा अन्याय होतो, कारण त्याच्यावरचा राग बराचसा २००१ च्या ‘डिजिमॉर्टल’चा आहे. तिथे सायप्रेस हिलचा रॅपर बी-रिअल पाहुणा म्हणून आला, श्रोत्यांचा संयम सुटला, आणि २००२ मध्ये बँडच फुटला. मागे वळून पाहणाऱ्यांना घसरणीची सुरुवात ‘ऑब्सोलीट’मध्ये दिसू लागली.

तिसरा पर्याय म्हणून कुणी पुढे पुन्हा जुळलेल्या बँडचा २०१२ चा ‘द इंडस्ट्रियलिस्ट’ सुचवेल. तोही कथेवर बांधलेला, स्वतःची जाणीव झालेल्या यंत्राची गोष्ट. पण त्यात ड्रम्स खरंच प्रोग्रॅम केलेले होते आणि श्रोत्यांनी ते माफ केलं नाही. यंत्रांवर गाणाऱ्या बँडकडून लोकांना माणसाचाच घाम हवा होता! २०२३ मध्ये तोच अल्बम माइक हेलरच्या ड्रम्ससह ‘री-इंडस्ट्रियलाइज्ड’ नावाने पुन्हा आला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने त्या वाटेला जायची घाई करू नये.

तर निवड. मेटल आधीपासून ऐकत असाल, थ्रॅश किंवा डेथ मेटलच्या वेगाची सवय असेल, तर ‘डिमॅन्युफॅक्चर’ घ्या, दुसरा विचार नको. सुमारे पंचावन्न मिनिटं सलग ऐकताना मधल्या भागात सारखेपणा जाणवतो, हा त्याचा दोष मी लपवणार नाही. ‘डॉग डे सनराइज’ हे मूळ ‘हेड ऑफ डेव्हिड’ या बँडचं गाणं तिथे जरा उसंत देतं. उलट रॉककडून येत असाल, विज्ञानकथेची ओढ असेल, गाण्यांत पात्रं हवी असतील, तर ‘ऑब्सोलीट’ सोपा जाईल. तो विकत घेताना पुस्तिका आहे ना हे विक्रेत्याला विचारा, आणि त्याच्या दोन्ही आवृत्त्या समोर असतील तर ‘कार्स’ असलेली घ्या. ‘डिमॅन्युफॅक्चर’ची २००५ ची दोन सीडींची आवृत्ती मिळाली तर त्यात १९९७ चा रिमिक्स अल्बम ‘रीमॅन्युफॅक्चर’ही आहे, टेक्नोची आवड असलेल्यांना कदाचित तीच तबकडी जास्त भावेल.

मला एकच ठेवायचा म्हटलं तर मी ‘डिमॅन्युफॅक्चर’ ठेवीन, आणि ‘रिझरेक्शन’ वेगळं काढून घेईन.