नॅनो झिंक आणि नॅनो सिलिका : उन्हाळी टोमॅटो व सुरू उसावरचा अनुभव

जुन्नरकडचा उन्हाळी टोमॅटो आणि इंदापूरकडचा सुरू ऊस, या दोन पिकांना ऊन आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून लागणीपासून जूनपर्यंत नॅनो झिंक आणि नॅनो सिलिका फवारली. प्रत्येक प्लॉटमध्ये काही ओळी मुद्दाम कोऱ्या, म्हणजे न फवारता ठेवल्या होत्या, त्यामुळे फरक शेजारी शेजारी बघता आला. टोमॅटोला झिंकचा उपयोग झाला, सिलिकाचा जवळपास नाही. उसात सिलिकाने काम केलं. जिथे काहीच फरक पडला नाही, तिथे बहुतेक वेळा टाकीतलं पाणी आडवं आलं होतं.

हे पाण्याचं प्रकरण दुकानात कुणी समजावून सांगत नाही. नॅनो कण १०० नॅनोमीटरच्या आतले असतात आणि पृष्ठभागावरच्या विद्युतभारामुळे एकमेकांपासून सुटे राहतात. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षार तो भार दाबून टाकतात. मग कण एकमेकांना चिकटतात आणि पानावर नुसता पांढरा गाळ बसतो. कुकडीच्या कालव्याच्या पाण्यात द्रावण एकसारखं राहिलं, इंदापूरच्या खाऱ्या बोअरमध्ये तळाला थर धरला. म्हणून फवारणीआधी एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत शेतातलंच पाणी घ्या, ठरलेला डोस टाका, हलवा आणि अर्धा तास ठेवा. कण फुटलेल्या दुधासारखे दिसले किंवा तळ पांढरा झाला, तर ते पाणी वापरू नका. आम्ही टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५०० पीपीएमच्या वर गेला की कालव्याचं किंवा आरओचं पाणी आणतो.

पीएच उतरवायला टाकीत सायट्रिक ॲसिड टाकायची सवय इथे महागात पडते. नॅनो झिंकचे कण झिंक ऑक्साइडचे असतात आणि ते आम्लात विरघळतं, म्हणजे उरतो तो साधा झिंकचा क्षार. सिलिकाचं द्रावण पीएच ५ ते ६ च्या आसपास लवकर जेल होतं आणि नोझल चोंदतं. दोन्ही एकाच टाकीतही नकोत. साध्या पाण्यात झिंक ऑक्साइडच्या कणांवर धन भार असतो, सिलिकावर ऋण, त्यामुळे कोटिंग नसेल तर ते एकमेकांना धरून खाली बसतात. आम्ही दोन फवारण्यांत आठवड्याचं अंतर ठेवलं. बोर्डो किंवा कॉपरची बुरशीनाशकंही यात मिसळली नाहीत.

डोसचा हिशेब एकदा कागदावर मांडाच. १ टक्का झिंकचं द्रावण लिटरला २ मिली घेतलं, तर एकरी २०० लिटर पाण्यात ४०० मिली जातं, म्हणजे झिंक फक्त ४ ग्रॅम. तेवढ्याच पाण्यात ०.५ टक्का झिंक सल्फेट म्हणजे १ किलो, त्यात २१ टक्क्यांप्रमाणे २१० ग्रॅम झिंक. तेव्हा माती परीक्षणात झिंक ०.६ पीपीएमच्या खाली असेल, तर एकरी १० किलो झिंक सल्फेट जमिनीतूनच द्या, शेणखतात मुरवून. नॅनो फवारणीने जमिनीची कमतरता भरून निघत नाही. ताणात पेशींमध्ये साठणारे घातक ऑक्सिजन रेणू निकामी करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) झिंक लागतं, त्याला वेळेवर हात द्यायचा, एवढंच या ४ ग्रॅमचं काम. डोस फार वाढवला तर पानांच्या कडा करपू शकतात.

वेळेचंही तसंच. पानं मलूल झाल्यावर फवारून उपयोग नाही, कारण तेव्हा पर्णरंध्रं मिटलेली असतात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यात पाच दिवसांचा अंदाज असतो. पारा चढणार असं दिसलं की त्याच संध्याकाळी ऊन उतरल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत फवारायचं. बाटली आधी जोरात हलवा, डोस बादलीत कालवून अर्ध्या भरलेल्या टाकीत ओता, मग टाकी भरा. शिल्लक द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. तोंडाला एन-९५ मास्क हवाच, बारीक तुषार थेट फुप्फुसात जातात.

टोमॅटोत झिंकच्या ओळींमध्ये दुपारी पानं कमी वळली आणि फुलगळ कमी राहिली. मात्र तापमान चाळिशीला टेकल्यावर कोऱ्या ओळी आणि फवारलेल्या ओळी सारख्याच दिसल्या. इतक्या उष्णतेत परागकणच निकामी होतात. चुरडा-मुरड्यावरही याचा उपयोग नाही, तो पांढऱ्या माशीतून पसरणारा विषाणू आहे. टोमॅटो मुळात सिलिका फारशी उचलत नाही, ऊस भरपूर उचलतो. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन लांबलं तेव्हा सिलिका दिलेल्या उसाची पानं ताठ राहिली आणि शेंडे उशिरा वाळले. उसाच्या पानावर मेण असल्यामुळे द्रावण पानावर पसरवणारा स्प्रेडर लिटरला ०.३ मिली लागतोच.

खताला पर्याय म्हणून याकडे बघायचा मोह टाळा. पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगात नत्र निम्मं करून नॅनो युरिया फवारल्यावर गहू आणि भात या दोन्हींचं उत्पादन घटलं होतं. आम्ही खताची मात्रा कुठेच कमी केली नाही.

ऊस डोक्याच्या वर गेला की ड्रोनची गोष्ट निघते. ड्रोन एकरी साधारण १० लिटर पाणी वापरतो, म्हणजे तेच ४०० मिली वीसपट तीव्र होतं. कण गोळा होण्याचा आणि पान करपण्याचा धोका तिथे सगळ्यात जास्त. ड्रोनवाल्याच्या हाती द्रावण देण्याआधी बाटलीची चाचणी लिटरला ४० मिली या तीव्रतेने करा आणि आधी चार ओळींवर फवारून दोन दिवस पानं बघा.