फोर्टमधला फोटोवॉक: मोल फोटोंच्या संख्येचं नाही, उन्हाच्या वेळेचं

मुंबईत एक-दोन दिवसांसाठी आलेल्या जोडप्यांना, कुटुंबांना दक्षिण मुंबईतला फोर्ट भाग पायी फिरवत त्यांचे फोटो काढून देणारे आता बरेच झालेत. काही जण सहली आखणाऱ्या कंपन्यांमार्फत येतात, बाकीचे स्वतंत्र फोटोग्राफर. प्रकार थोड्याफार फरकाने एकच. दीड-दोन तास वेळ, फोटोग्राफर तोच वाटाड्या, सीएसएमटी स्टेशन ते गेटवे असं अडीच-तीन किलोमीटर चालणं, वाटेत आठ-दहा थांबे आणि काही दिवसांनी निवडक फोटो एडिट करून लिंकवर.

घेण्यासारखी सेवा आहे. नवख्या माणसाला फोर्टमध्ये कुठे, किती वाजता आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं हे कळत नाही, आणि सगळे पैसे खरं तर एवढ्याच माहितीचे असतात. म्हणून बुकिंग करताना "किती फोटो देणार" याआधी "सकाळी कुठून सुरुवात करता आणि संध्याकाळी कुठून" हे विचारा. दोन्ही वेळांना एकच मार्ग सांगितला तर दुसरा फोटोग्राफर शोधा.

कारण असं. सीएसएमटीचं तोंड पश्चिमेला आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने आखलेल्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. त्यामुळे प्रत्येकाला पहिला फोटो तिथलाच हवा असतो आणि बहुतेक वॉक तिथूनच सुरू होतात. पण सकाळी आठ-नऊला सूर्य घुमटाच्या मागे असतो. आकाश पांढरं, दगड काळपट, माणसांचे चेहरे त्याहून काळे. चेहरे उजळले की घुमट आकाशात विरतो, घुमट सांभाळला की माणसं सावल्या होतात. एडिटिंगमध्ये थोडं सावरता येतं, पण तो फोटो धुरकट दिसतो आणि कातडीचा रंग राखाडी होतो. हीच जागा दुपारी चारनंतर बघा. पिवळट दगडावर समोरून ऊन येतं, कोरीव प्राणी-पक्षी, फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ उठून दिसतात.

एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल (१८३३) आणि राजाबाई टॉवर यांचंही तेच. दोन्ही पश्चिमेला बघतात, म्हणून दोन्ही संध्याकाळच्या जागा. गेटवेचं समुद्राकडचं तोंड पूर्वेला आहे. आपण उभे राहतो ती जमिनीकडची बाजू सकाळी सावलीत असते आणि दुपारनंतर उजळते. ताजचं दर्शनी अंग मात्र बंदराकडे, त्यावर सकाळचं कोवळं ऊन पडतं.

यावरून सकाळचा चांगला वॉक असा निघतो: उजाडताना गेटवे, तिथे मुद्दाम काळ्या आकृतीचे फोटो, पाठोपाठ उन्हातला ताज. मग काळा घोडा, तिथून ओव्हल मैदान आणि शेवट हॉर्निमन सर्कल किंवा बॅलार्ड इस्टेट. सीएसएमटी सकाळच्या यादीतून काढून टाकायला सांगा. संध्याकाळीही सुरुवात गेटवेपासूनच, पण सूर्यास्ताच्या दोन तास आधी. पुढे काळा घोडा, ओव्हल, हुतात्मा चौक, दादाभाई नौरोजी रोड आणि दिवे लागताना सीएसएमटी. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनच्या शेवटी सव्वासातनंतर. त्यामुळे "संध्याकाळी पाचचा स्लॉट" बाराही महिने सारखा नसतो. डिसेंबरात पाचला सुरू झालेला वॉक ओव्हलला पोचेपर्यंत ऊन गेलेलं असतं.

ओव्हल मैदान दोन्ही वेळांना कामी येतं, हे फार थोडे फोटोग्राफर वापरतात. पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय. पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग. २०१८ मध्ये या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा ठरल्या. सकाळी ऊन आर्ट डेको बाजूवर, संध्याकाळी टॉवरवर. कॅमेरा नुसता फिरवायचा. त्या इमारतींमध्ये लोक राहतात, तेव्हा फाटकात शिरून जिन्यात पोज देणं नको. रस्त्यापलीकडून, मैदानाच्या कडेने गोल सज्जे आणि त्यांचे आडवे पट्टे जास्त चांगले येतात.

राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. माणसं हमखास त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहतात. मग फोटोत एकतर टॉवरचा पायथा येतो, नाहीतर माणूस मुंगीएवढा. उलट करायचं असतं. टॉवर मैदानापलीकडे राहू द्यायचा, माणूस कॅमेऱ्यापासून दहा-बारा फुटांवर, आणि फोटोग्राफरने खाली बसून, कॅमेरा कंबरेच्या उंचीवर धरून काढायचं. माणूसही मोठा, टॉवरही पूर्ण. सीएसएमटीलाही हाच नियम. महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला स्टेशन बघण्यासाठी बांधलेली गॅलरी आहे, तिथून घुमटासकट सगळी इमारत बसते. रुंद लेन्स लागते, १६ ते २४ मिमी. अशा लेन्समध्ये फ्रेमच्या कडेला उभ्या माणसाचा चेहरा आणि दंड ताणला जातो. चौघांचं कुटुंब असेल तर चौघांनी मधोमध, एकमेकांना खेटून उभं राहायचं. कडेला उभ्या केलेल्या आजी फोटोत रुंद दिसल्या, तर चूक उभं करणाऱ्याची.

फोटोग्राफर कोणत्या लेन्स आणतो हे विचारायला संकोच नको. एक रुंद लेन्स, एक ३५ किंवा ५० मिमी आणि एक ८५ मिमी एवढ्यात फोर्ट निभतो. नुसती ५० आणली तर इमारती कापल्या जातील, नुसती रुंद आणली तर चेहरे बिघडतील. आणखी एक नेहमीची चूक: मागचं धूसर दिसावं म्हणून लेन्सचं तोंड (ॲपर्चर) एफ १.८ ला सताड उघडं ठेवून चौघांचा फोटो. पुढचे दोघे स्पष्ट, मागचे दोघे धूसर. तिघा-चौघांसाठी एफ ४ ते ५.६ हवं, आणि चालतानाचे फोटो असतील तर शटर किमान १/२५० सेकंद.

दादाभाई नौरोजी रोडच्या कमानी ही या परिसरातली सर्वांत भरवशाची जागा, आणि वॉकमध्ये तिच्यावरून घाईने पुढे नेतात. तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी सोडलेल्या या पडव्यांत भर दुपारीही माणसाचे नीट फोटो येतात. उजेड फक्त रस्त्याच्या बाजूने, आडवा येतो. डोक्यावर ऊन नाही, डोळ्यांखाली काळं नाही. कडेपासून एक पाऊल आत उभं राहायचं, चेहरा रस्त्याकडे वळवायचा आणि मागे कमानींची रांग जाऊ द्यायची. चार पावलं आत गेलात की दुकानांच्या ट्यूबलाइटचा हिरवट आणि बल्बचा पिवळा उजेड चेहऱ्यावर मिसळतो, तो नंतर साफ निघत नाही. पावसाळ्यात तर कमानींखालचा अर्धा तास सगळा वॉक वाचवतो. आठवड्याच्या दिवसांत तिथे विक्रेते आणि ऑफिसची गर्दी असते. रविवारी सकाळी दुकानं बंद, रस्ता मोकळा. फोर्टसाठी रविवार सकाळसारखी वेळ नाही. बॅलार्ड इस्टेटही रविवारी निवांत असतं. जॉर्ज विटेटच्या आराखड्याने उभ्या राहिलेल्या, एकसारख्या उंचीच्या त्या इमारती माणसांच्या फोटोला सीएसएमटीपेक्षा सोप्या पडतात.

काळा घोडा परिसरात हल्ली सगळ्यांना निळं सिनेगॉग हवं असतं. केनेसेथ एलियाहू, १८८४ सालचं. रस्त्यावरून, समोरच्या बाजूने बाहेरचे फोटो घ्या. ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे; आत जायचं आणि फोटो काढायचे तर तिथे विचारूनच, आणि शनिवारी मुळीच नाही. निळ्या भिंतीपुढे निळे कपडे हरवतात. पिवळा, गुलबक्षी किंवा पांढरा चालतो. चौकातला घोडा २०१७ चा. ज्याच्यावरून परिसराला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये इथून हलवला, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत. वाटाड्याने एवढं तरी सांगावं. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव असतो, त्या दिवसांत इथे फोटोवॉक ठेवण्यात अर्थ नाही.

हुतात्मा चौकाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, २०१९ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा वाहतं झालं, फोटोत सुंदर येतं. पण त्याच्या शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक आहे ते संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्यांचं. त्याच्या चौथऱ्यावर टेकून, गिरक्या घेत फोटो काढायला सांगणारा वाटाड्या आपल्याला नको. आधी तिथे दोन मिनिटं थांबायचं, मुलांना ते कोण होते हे सांगायचं, मग कारंज्याकडे वळायचं.

परवानग्यांवरून वॉक अडतो तेव्हा बहुधा कारण ट्रायपॉड असतं. हातातल्या कॅमेऱ्याकडे कोणी बघत नाही. ट्रायपॉड, रिफ्लेक्टर, घेरदार गाऊन दिसला की ते व्यावसायिक चित्रण ठरतं आणि सुरक्षारक्षक परवानगी मागतात. एशियाटिकच्या पायऱ्या, गेटवेचं आवार, स्टेशनचा आतला भाग, तिन्हीकडे हा अनुभव येऊ शकतो. उच्च न्यायालयाच्या आवारात कॅमेरा काढूच नका. ड्रोनचं आश्वासन देणाऱ्याला पोलिसांची लेखी परवानगी दाखवायला सांगा. हा भाग नौदलाच्या तळाला लागून आहे आणि शहरात ड्रोनवर वेळोवेळी बंदीचे आदेश असतात. गेटवेला शिरताना पिशव्यांची तपासणी होते, रांगेची पंधरा-वीस मिनिटं वॉकच्या वेळात धरली आहेत का तेही विचारून ठेवा.

गेटवेला गळ्यात कॅमेरा आणि सोबत छोटा प्रिंटर घेतलेले फोटोग्राफर दिसतील. गेटवे आणि ताज एका फ्रेममध्ये कुठून बसतात हे त्यांना डोळे मिटून ठाऊक आहे. घरच्यांचा एकच छापील फोटो हवा असेल तर दोन तासांच्या वॉकची गरजच नाही. दर आधी ठरवून त्यांच्याकडून काढून घ्या. मोबाइल आल्यापासून त्यांचं काम आटलंय, पण हात बसलेला आहे.

कपड्यांचं थोडक्यात: इथला दगड पिवळट, करडा आणि तपकिरी. त्यावर गर्द हिरवा, जांभळा, मरून, नीळ उठून दिसतात; खाकी आणि बदामी दगडात मिसळतात. अगदी बारीक रेघांच्या शर्टावर फोटोत लहरी उमटतात. नऊवारी, पैठणी इथे छानच दिसते, पण पायात सपाट चप्पल हवी. फुटपाथ उंचसखल आहेत आणि एशियाटिकला तीस पायऱ्या. गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर हॉर्निमन सर्कलच्या बागेतला बाक आणि भोवतालच्या कमानी एवढंच घ्या, थांबे कमी करायला लावा. खाणं शेवटी. सीएसएमटीसमोर पंचम पुरीवाला आहे, पण पुरी-भाजीचे डाग आधी लागले तर सगळ्या फोटोंत राहतात. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला की दमट हवेने काच धुरकटते. पंधरा मिनिटं तो पिशवीतच राहू द्यावा, पुसत बसू नये.

दिवे लागल्यावरच्या सीएसएमटीला दोन अडचणी. रोषणाई रंगीत असेल तेव्हा जवळ उभ्या माणसांचे चेहरे हिरवे-जांभळे होतात, म्हणून रस्त्यापलीकडे पांढऱ्या दिव्याखाली उभं राहायचं. दुसरी, काही दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण शटर वेगवान ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० सेकंदाला ठेवलं की जातात. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं आकाश गर्द निळं असतं, मग काळं पडतं. त्या वीस मिनिटांत फोटोग्राफर तुम्हाला घेऊन सीएसएमटीसमोर नसेल, तर संध्याकाळचा वॉक चुकला.

पैसे देण्याआधी पाच गोष्टी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या: एडिट केलेले फोटो किती, किती दिवसांत, पूर्ण आकारात का, पाऊस आला तर तारीख बदलून मिळेल का, आणि तुमचे फोटो ते त्यांच्या इन्स्टाग्रामवर टाकणार का. शेवटची गोष्ट मुलं सोबत असतील तर आधी विचारा. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली, एडिट न केलेली) सहसा देत नाहीत, ते रास्त आहे. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले तर आकसतात, म्हणून ड्राइव्हची लिंक मागा. २४ मेगापिक्सेलचा मूळ फोटो वीस बाय तेरा इंचांपर्यंत उत्तम छापता येतो, आकसलेला पोस्टकार्डाएवढाच बरा. दोन तासांत तीस-चाळीस नीट निवडलेले फोटो पुरे होतात. "दोनशे फोटो" म्हणजे एकाच पोजचे पाच-पाच.

पुण्याहून डेक्कन क्वीनने येणारे साडेदहाच्या सुमारास उतरतात, तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलेलं असतं. त्यांनी संध्याकाळचाच वॉक घ्यावा. परतीची डेक्कन क्वीन मात्र पाचच्या सुमारास सुटते, म्हणजे तिचं तिकीट आधी काढलं तर नेमकी हवी ती वेळ हातची जाते. रात्रीची गाडी किंवा बस बघावी. कोल्हापूरची महालक्ष्मी आणि नागपूरची विदर्भ सकाळी सात-साडेसातच्या सुमारास पोचतात. त्यांनी सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून टॅक्सीने थेट गेटवे गाठावं. बॅगेला कुलूप हवं, नाहीतर क्लोकरूममध्ये घेत नाहीत. विमानाने येणाऱ्यांना भुयारी मेट्रोने विमानतळाहून हुतात्मा चौकात थेट उतरता येतं.